चौथीतल्या 7 मुलांना वाचता येत नाही, परत बाराखडीपासून जाऊ का?

खडूफळा | 28 जून
नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. यंदा चौथीचा वर्ग माझ्याकडे आलाय, पट 23. शाळा सुरू झाल्यावर पहिले आठ दिवस धडा काढलाच नाही. एकेकाला टेबलाजवळ बसवून वाचून घेतलं. 16 जणांचं बरं चाललंय. 7 जणांना वाचता येत नाही.

पण "वाचता येत नाही" म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दोघांना अक्षरं येतात, मात्रा-वेलांटी दिसली की गाडी अडते. तिघं प्रत्येक अक्षर सुटं म्हणतात, "का... ग... ल...", आणि शब्द काय झाला विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. एक मुलगी घडाघडा वाचते, पण पुस्तक मिटून "काय झालं गं गोष्टीत?" म्हटलं की गप्प. आणि एक मुलगा. त्यानं तिसरीच्या पुस्तकातला धडा असा खणखणीत म्हणून दाखवला की मी शाबासकी देणारच होते. मग लक्षात आलं, बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड तिसऱ्या ओळीवर. पान उलटलं तरी त्याचा आधीचाच धडा चालू. सगळा तोंडपाठ! तीन वर्षं तो असा निभावून नेतोय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पालकसभेत बहुतेकांचं एकच, "बाई, बाराखडी घोटून घ्या." माझं मन घेत नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला परत क-का-कि-की करायला बसवलं तर पहिलीतल्या धाकट्या भावासमोर त्याची मान खाली जाते. आणि बाकीच्या 16 जणांचा अभ्यासही आहेच. ज्यांनी स्वतः मुलांना वाचायला शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गारगोटीकर_गुरुजी | 28 जून
36 वर्षं प्राथमिक शाळेत काढली, भुदरगड आणि राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवर. बाई, बाराखडी घ्याच. रोज सकाळी सुरात, टाळीवर, सगळ्या वर्गानं मिळून. म्हणजे कोणा एकाला लाज वाटायचा प्रश्न येत नाही. मी जमिनीवर खडूनं मोठं अक्षर काढायचो आणि त्यावर चिंचोके मांडून घ्यायचो. बोटाला वळण लागलं की डोळा विसरत नाही. पाया कच्चा ठेवून वर माळे चढवण्यात अर्थ नाही.

रंकाळ्याची_लेक | 28 जून
सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. माझी मुलगी दुसरीत फळ्यावरचं चुकीचं उतरवायची. आम्ही वर्षभर तिला निष्काळजी म्हणून बोललो. चष्मा लागला तेव्हा दवाखान्यातून बाहेर येताना म्हणाली, "आई, झाडाला सुटी सुटी पानं असतात!" ते वर्ष मला अजून सलतं.

खडूफळा | 29 जून
@रंकाळ्याची_लेक, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आरोग्य पथकाची वाट बघत नाही, त्या सातही जणांच्या घरी आजच सांगते.

अक्षरगाडी | 29 जून
बाई, तुम्ही मुलांच्या तऱ्हा वेगळ्या केल्यात, त्यातच अर्धं काम झालंय. असर म्हणून मुलांचं वाचन तपासणारं एक सर्वेक्षण आहे, त्यात मुलाला आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या देतात. तसंच तुम्हीही दर महिन्याला करून बघा. एका मुलाला फार वेळ लागत नाही, आणि कोण कुठं अडलंय हे ताबडतोब कळतं.

आता बाराखडीबद्दल. गुरुजी, रागावू नका, पण मी बारा वर्षं मुलांच्या शेजारी बसून हे बघत आलोय. बाराखडी म्हणता येणारं मूल "कु" समोर आलं की मनात "क, का, कि, की, कु" असा जिना चढतं आणि पाचव्या पायरीवर थांबतं. प्रत्येक अक्षराला जिना. तीन अक्षरांच्या शब्दाला तीन जिने. तिसऱ्याला पोचेपर्यंत पहिलं अक्षर विसरलेलं असतं. म्हणून ते तिघं तुमच्या तोंडाकडे बघतात. त्यांना अक्षरं येतात, पण ओळख इतकी हळू आहे की शब्द जुळायला डोक्यात जागाच उरत नाही.

मी काय करतो ते सांगतो. वर्णमालेचा क्रम सोडून द्यायचा. क, म, र, ल, न ही पाच अक्षरं आणि सोबत पहिल्याच दिवशी काना. बघा किती शब्द होतात: कान, नाक, काम, मका, लाल, रान, माल, कमान, काका, मामा, नाना. ज्ञ आणि ञ शिकेपर्यंत मुलाला शब्दासाठी ताटकळत ठेवायचं कशाला? पहिल्या दिवशी मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी "मका" वाचला पाहिजे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वर्षानुवर्षं मुलांना वाचायला शिकवण्यावर काम केलंय. आमच्यासारख्या कितीतरी जणांनी त्यातून धडे घेतलेत.

काही खाचखळगे मराठीचे स्वतःचे आहेत. "दिवस" मध्ये पहिली वेलांटी द च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. मूल डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत जातं आणि तिथं फसतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं आणा. आणि अक्षर म्हणताना लांबवू नका. "कऽऽ, मऽऽ, ळऽऽ" असं शिकलेलं मूल जोडून "कमळ" कसं म्हणणार? आपण तर शेवटचा ळ जवळजवळ पायमोडकाच म्हणतो. एका दमात, जोडत जोडत म्हणायला लावा.

राहिली ती घडाघडा वाचणारी मुलगी. 1986 साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. त्या मुलीची पहिली बाजू भक्कम आहे. तिला बाराखडी दिलीत तर वेळ वाया जाईल. तिच्याशी बोला, तिला गोष्टी सांगा, तिच्याकडून ऐका.

गारगोटीकर_गुरुजी | 29 जून
@अक्षरगाडी, रागावलो नाही, पण मान्यही नाही. त्या सुरातच पोरांना काना-मात्रेचा नाद कानात बसायचा. घरात पाटी सोडा, छापील कागद नसायचा अशा घरांतली पोरं होती ती. ती वाचायला शिकली, आज त्यांतले काही पाटबंधारे खात्यात आहेत, एक जण तहसील कार्यालयात आहे. आमची सगळी मेहनत घोकंपट्टी म्हणून बाजूला काढू नका.

अक्षरगाडी | 29 जून
गुरुजी, तुमची मेहनत बाजूला काढायची माझी काय बिशाद. सूर राहू दे. माझा आक्षेप एवढाच की सूर झाल्यावर तेच अक्षर मधूनच, उलटसुलट ओळखता आलं पाहिजे. तुमचे चिंचोके मला फार आवडले. सुटं अक्षर हाताखालून जातंय ना!

पेठेतला_भावा | 30 जून
शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे काय थोडका? आणि शंभर वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात चौथीतली पोरं वाचत नाहीत, हे वाचून लै वाईट वाटलं बघा.

खडूफळा | 30 जून
@पेठेतला_भावा, दादा, दंडानं मूल वर्गात येतं. पण तेवढ्यानं वाचता येत नाही. त्या तोंडपाठवाल्या मुलाचीच हजेरी माझ्या वर्गात सगळ्यात चांगली आहे.

शिरोळची_वाट | 1 जुलै
एक गोष्ट कुणीच बोलली नाही. घरची बोली. आमच्या भागात निम्म्या पोरांच्या घरी कन्नड चालतं. मराठी बोलणाऱ्यांच्या घरीसुद्धा "काय करालाईस", "न्हाई", "हाय" हीच भाषा. वर्गात एका मुलीनं "तो आला नाही" हे वाक्य "त्यो आला न्हाई" असं वाचलं. मी तेव्हा नवीन होतो, तीनदा दुरुस्त करायला लावलं. तिनं त्यानंतर महिनाभर हात वर केला नाही.

खूप पुढं समजलं की मी तिला उलट शिक्षा दिली. जे मूल नुसती अक्षरं जोडतं ते "नाही" असंच म्हणणार. तिनं अर्थ घेतला आणि आपल्या भाषेत सांगितला. म्हणजे ती खरंच वाचत होती.

कॉमर्सवाला | 1 जुलै
@शिरोळची_वाट, भावना ठीक आहे सर, पण पेपरात "न्हाई" लिहिलं तर मार्क कोण देणार? प्रमाण भाषा आलीच पाहिजे. लाड करून पोरांचंच नुकसान होतं.

शिरोळची_वाट | 1 जुलै
आलीच पाहिजे, वाद नाही. पण पोरगं वाचत असताना मधेच तोडून नाही. वाचून झाल्यावर मी विचारतो, "पुस्तकात कसं लिहिलंय? आपण घरी कसं म्हणतो?" दोन्ही फळ्यावर मांडतो. पोरं स्वतः फरक काढतात आणि चौथीपर्यंत दोन्ही भाषा बिनधास्त वापरतात.

सायलेंट_वाचक | 1 जुलै
उच्चारांवरून आठवलं. माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, चार म्हशींना चारा घातला, यात दोन्ही चा सारखेच लिहिलेत, मग वेगळे का म्हणायचे?" मला उत्तर देता आलं नाही.

अक्षरगाडी | 1 जुलै
भाच्याचा कान तयार आहे! च, ज, झ ही अक्षरं मराठीत दोन दोन उच्चारांची आहेत. चार आणि चारा, चहा आणि चाक. लिहिण्यात खूण नाही, शब्द माहीत असेल तरच बरोबर उच्चार येतो. म्हणूनच म्हणतो, शब्द आधी कानावरून गेलेला पाहिजे. ज्या शब्दाचा अर्थ मुलाला माहीत नाही तो त्याच्या पहिल्या वाचनाला देऊ नका.

राजारामपुरी_आई | 2 जुलै
माझी अडचण उलटी आहे. मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीत. इंग्रजी पुस्तकं फडशा पाडतो, मराठीची पाटी दिसली की "आई तू वाच." आजीचं पत्र त्याला वाचता येत नाही याचं फार वाटतं. त्यालाही मका-कमानपासून सुरुवात करू का?

अक्षरगाडी | 2 जुलै
ताई, त्याला जुळवणं म्हणजे काय हे कळलेलं आहे, त्यामुळं लवकर येईल. हेच शब्द घ्या आणि आजींनाच कामाला लावा. रोज एका ओळीची चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, त्याच्या डब्यात.

स्टँडवरचा_मास्तर | 3 जुलै
आमच्या मुलाला मी सीबीएस स्टँडवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, वाचायला शिकवलं. रविवारी सकाळी जाऊन बाकावर बसायचं आणि गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. गाडी सुटायच्या आत वाचायची, त्यामुळं आपोआप वेग आला!

घरी आपल्या जिल्ह्याच्या 12 तालुक्यांची कार्डं केली होती. चढत्या क्रमानं लावली की आपोआप वाचनमाला होते. कागल आणि आजरा आधी, नुसता काना. मग चंदगड, अनुस्वार आला. गगनबावडा लांब आहे पण सरळ, पोरांना म्हणायलाही आवडतं. भुदरगडला उकार. करवीर, शिरोळ, राधानगरी, शाहूवाडी यांत वेलांट्या, मात्रा, ऊकार. हातकणंगलेच्या पोटात अनुस्वार. पन्हाळ्याला पहिलं जोडाक्षर आणि शेवटी गडहिंग्लज, त्यात वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळंच. ज्या दिवशी त्यानं चालत्या गाडीवरचं "गडहिंग्लज" वाचलं त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले.

आजरा_घनसाळ | 3 जुलै
आमचा तालुका पहिल्याच पायरीवर ठेवल्याबद्दल आभार. वाचणाऱ्या प्रत्येक पोराला घनसाळचा भात माझ्याकडून!

पेठेतला_भावा | 3 जुलै
गडहिंग्लज वाचणाऱ्याला मग मिसळ. कट आमच्याकडून.

कोयता_आणि_पाटी | 5 जुलै
कारखान्याजवळच्या शाळेत आहे. दिवाळीच्या पुढं-मागं बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, पोरं सोबत. मार्च-एप्रिलला गाळप संपलं की परत. म्हणजे पोराचं निम्मं वर्ष तिकडं, निम्मं इकडं. तिकडच्या शाळेत तो कुठं होता ते इथं माहीत नसतं. मोठी पोरगी असेल तर खोपीत धाकटं सांभाळायला राहते. तिला नुसतं वर्गात आणणं हेच मोठं काम.

मी प्रत्येकाला एक दोनशे पानी वही देतो. त्यात त्याचे स्वतःचे शब्द. कोयता, मोळी, फड, बैल, वाढं, मुकादम. पोरगं सांगतं, मी लिहितो, ते वाचतं, शेजारी चित्र काढतं. शेवटच्या पानावर मी लिहितो की याला काना, वेलांटी येते, उकार सुरू आहे. जाताना वही त्याच्याबरोबर. तिकडच्या गुरुजींना हातात काहीतरी मिळतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पुढच्या हंगामाला तीच वही घेऊन परत आला. कव्हर फाटलं होतं, आईनं पोत्याचं शिवलेलं.

लेखनिक | 5 जुलै
हे वाचून डोळ्यात पाणी आलं. वह्या मी पाठवतो, व्यक्तिगत निरोप केलाय.

कॉमर्सवाला | 6 जुलै
मला एक शंका. 2021 पासून निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान आहे, तिसरीअखेर मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचावेत असं ध्येय आहे. मग चौथीतल्या या मुलांचं घड्याळ लावून घेतलं तर लवकर प्रगती होणार नाही का?

खडूफळा | 6 जुलै
@कॉमर्सवाला, ध्येय मला मान्य आहे. पण अडखळणाऱ्या मुलासमोर घड्याळ ठेवून बघितलंय मी. पोरगं शब्द गाळून पुढं पळतं. "अर्थासह" हा शब्द आपण सगळेच विसरतो.

कसबा_बावडा_मावशी | 6 जुलै
सृजन आनंद विद्यालयाचं नाव कसं कुणी काढलं नाही? लीलाताई पाटलांनी 1985 साली आपल्या कोल्हापुरातच ती शाळा सुरू केली. मुलाचा अनुभव आधी, पुस्तक मग, हे त्यांनी किती आधी करून दाखवलं! कोयतावाले सर करतात ते त्याच वाटेवरचं आहे.

आणि पुस्तकं घरात नसतील तर वाचनालयात न्या हो मुलांना. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे. माझे वडील बोट धरून न्यायचे. पुस्तक निवडायला ते घाई करायचे नाहीत, मी कपाटासमोर तासभर उभी राहिले तरी.

खडूफळा | 2 ऑक्टोबर
तीन महिन्यांनी परत येतेय. आज सुट्टी आहे, निवांत लिहिते.

मात्रा-वेलांटीला अडणाऱ्या दोघांपैकी एकाला खरंच चष्मा लागला. @रंकाळ्याची_लेक, तुमच्या मुलीचं झाडाचं वाक्य मी त्याच्या आईला सांगितलं होतं.

परिपाठानंतरची 40 मिनिटं या सात जणांसाठी ठेवली. त्या वेळात बाकीचे 16 जण जोडी-जोडीनं गोष्टीची पुस्तकं वाचतात, त्यांचाही फायदाच झाला. अक्षरगाडींची पाच अक्षरं, स्टँडवरच्या मास्तरांची कार्डं आणि गुरुजींचे चिंचोके, तिन्ही वापरले. सुटी अक्षरं म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघं आता छोटा उतारा वाचतात. तिसरी मुलगी अजून शब्दावरच आहे. तिच्यासाठी गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलावलंय, कारण मेहनत घेऊनही अक्षर टिकत नसेल तर अध्ययन अक्षमता आहे का हे नीट तपासायला हवं.

आता तोंडपाठवाला. त्याला पुस्तक द्यायचंच बंद केलं. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तो म्हणाला, "आमच्या म्हशीला रेडकू झालं. रात्री झालं. बाबा जागा हुता. मी बी जागा हुतो." जसंच्या तसं लिहिलं, "हुतो" सकट. त्यानं लगेच घडाघडा म्हणून दाखवलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, हेही पाठ. मग त्या चार वाक्यांच्या पट्ट्या कापल्या आणि शब्द सुटे करून मिसळून दिले. तो अर्धा तास खाली वाकून बसला होता. "बाबा" आणि "जागा" जुळले. "रेडकू" दोनदा हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी चारही वाक्यं लागली. मग त्यानं एक पट्टी उचलून विचारलं, "बाई, यात 'म्हशी' आहे, 'म्हैस' कुठाय?"

त्या दिवसापासून तो खरंच वाचतोय. हळू, पण बोट आणि तोंड एका ओळीवर.

आता पुढचा प्रश्न. जोडाक्षरांत र नं घोळ घातलाय. सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या, चार ठिकाणी चार रूपं. कुठलं आधी घेऊ?

अक्षरगाडी | 2 ऑक्टोबर
वा! फार बरं वाटलं. "म्हैस कुठाय" विचारतोय म्हणजे तो आता अक्षरांकडे बघतोय.

र बद्दल: आधी प्रकाश, प्राणी, ग्रह असे शब्द. त्यात पूर्ण उच्चार र चा आणि तो लिहिलाय तिथंच ऐकू येतो. मग ट्रक, ड्रम. रफार सगळ्यात शेवटी, कारण तिथं खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चार त्याच्या आधी, पहिल्या वेलांटीसारखीच फसगत. "दऱ्या, सुऱ्या" बोलण्यातून येतील, घाई नको.

गारगोटीकर_गुरुजी | 3 ऑक्टोबर
बाई, वाचून समाधान वाटलं. पट्ट्या कापून मिसळायचं मला कधी सुचलं नाही. माझ्या काळात असा एक मुलगा होता, सगळं पाठ म्हणायचा. मी त्याला हुशार समजत राहिलो. पाचवीत शाळा सुटली त्याची.

रफारासाठी माझ्याकडे एक युक्ती आहे, वर्गात उभी पोरं घेऊन करायची. र झालेलं पोर पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं उभं राहतं. लिहून नीट सांगता येणार नाही. शनिवारी सकाळची शाळा असते ना तुमची? चालणार असेल तर गारगोटीहून पहिल्या गाडीनं येतो. चिंचोके जपून ठेवलेत, डबाभर आहेत.

खडूफळा | 3 ऑक्टोबर
या गुरुजी, नक्की या. साडेसातला परिपाठ असतो. स्टँडवर उतरलात की कळवा, शाळेतलं कुणीतरी न्यायला येईल. आमचा रेडकूवाला आत्तापासून विचारतोय, तुमच्या गाडीवर काय लिहिलेलं असेल.